परत आल्यावरचं सत्र

सोफिया कोरादी ही रोमची कायद्याची विद्यार्थिनी. 1957 मध्ये तिला फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली आणि ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तौलनिक कायदा शिकायला गेली. वर्षभरात पदव्युत्तर पदवी घेऊन ती घरी परतली. रोमच्या सापिएन्झा विद्यापीठातली तिची मूळ पदवी अजून पुरी व्हायची होती. कोलंबियात केलेला अभ्यास त्यात धरावा, अशी विनंती घेऊन ती कार्यालयात गेली, तेव्हा तिला सगळ्यांदेखत सुनावण्यात आलं. अमेरिकेत हिंडत बसण्यापेक्षा इथे अभ्यास केला असतास तर बरं झालं असतं, असा त्या बोलण्याचा रोख होता. कोलंबियाचा कागद बाजूला सारला गेला.

कोरादी हा अपमान विसरल्या नाहीत. पुढे इटलीतल्या कुलगुरूंच्या परिषदेच्या सल्लागार झाल्यावर त्यांनी 1969 मध्ये एक प्रस्ताव मांडला: विद्यार्थ्याने काही काळ परदेशी विद्यापीठात शिकावं आणि तिथे दिलेल्या परीक्षा मायदेशी मान्य व्हाव्यात. तो युरोपभर मान्य व्हायला 18 वर्षं लागली. 1987 मध्ये 'इरॅस्मस' योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी 11 देशांतले 3,244 विद्यार्थी तिच्यातून गेले. आजवर या योजनेतून गेलेल्यांचा एकूण आकडा दीड कोटीच्या पुढे आहे आणि युरोप कोरादींना 'मम्मा इरॅस्मस' म्हणून ओळखतो.

विद्यार्थ्यांची एवढी मोठी ये-जा परत आलेल्या एका मुलीच्या अवहेलनेतून सुरू झाली, ही गोष्ट आपल्या कॉलेजांनी नीट ध्यानात घ्यायला हवी. एक सत्र परदेशात शिकून येण्याची सोय आता आयआयटी-आयआयएमपुरती उरलेली नाही. पुण्या-मुंबईची खासगी विद्यापीठं, इंजिनिअरिंग आणि व्यवस्थापनाची कॉलेजं परदेशी संस्थांशी सामंजस्य करार करतात, त्याचे फोटो माहितीपत्रकात छापतात. निवड झालेल्या मुलांचा सत्कार होतो, विमानतळावर अख्खं घर लोटतं. परत आल्यावर त्याच मुलाला परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी एकट्याने उभं राहावं लागतं. जाण्याची एवढी तयारी करणाऱ्या संस्था परतीची तयारी का करत नाहीत, हा प्रश्न आता विचारायलाच हवा.

अडचण कुठे येते ते जर्मनीच्या उदाहरणावरून पाहता येईल. तिथल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन मार्चअखेर संपतं. तासिका फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्यानंतर. आपल्याकडचं पहिलं सत्र जून-जुलैत सुरू होतं, त्याची परीक्षा दिवाळीच्या आगेमागे असते, आणि जानेवारीत दुसरं सत्र सुरूही झालेलं असतं. म्हणजे सप्टेंबरअखेर निघालेला विद्यार्थी इथल्या एका सत्राची परीक्षा चुकवतो आणि दुसऱ्या सत्राचा निम्मा भाग. एका सत्रासाठी गेलेल्याच्या दोन सत्रांची हजेरी आणि अंतर्गत गुण लोंबकळत राहतात. कॉलेजने आधी ठरवून ठेवलं नसेल, तर परतल्यावर बॅकलॉग अटळ.

गुणांचा गोंधळ वेगळाच. जर्मनीत 1.0 ही सर्वोत्तम श्रेणी, 4.0 ला जेमतेम उत्तीर्ण आणि 5.0 म्हणजे नापास. आपल्या दहाच्या मापात नेमकं उलटं. 1.3 मिळवून आलेल्या हुशार मुलीचा कागद ज्या टेबलावर जातो, तिथे हे कुणाला ठाऊक नसेल, तर तिने काय करायचं? क्रेडिटचंही तसंच. युरोपच्या पद्धतीत एका सत्राची 30 क्रेडिट धरतात, आपल्या नव्या आराखड्यात साधारण 20 ते 22. दोन्हीकडे विद्यार्थ्याचं सत्र पूर्णच भरतं, तरी आकडे जुळत नाहीत. ते जुळवण्याचं काम विद्यार्थ्याच्या गळ्यात पडता कामा नये.

नियम आडवे येतात असं म्हणायला आता फारशी जागा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये क्रेडिट साठवण्याची 'अॅकॅडेमिक बँक' आणली. 2022 मध्ये परदेशी संस्थांबरोबर ट्विनिंग, संयुक्त आणि दुहेरी पदवीचे नियम केले. ट्विनिंगमध्ये तर 30 टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशी संस्थेतून घेता येतात. दार दिल्लीत उघडलं आहे. अडतं ते विभागप्रमुखाच्या सहीपाशी. कोणत्या विषयाच्या बदल्यात कोणता विषय धरायचा, हे विद्यार्थी निघण्यापूर्वी लिहून द्यायची तयारी नसते. युरोपात इरॅस्मसचा विद्यार्थी 'लर्निंग अॅग्रीमेंट' घेऊन निघतो. त्यावर विद्यार्थ्याची आणि दोन्ही विद्यापीठांची सही असते. त्या साध्या कागदामागे कोरादींची सगळी लढाई आहे.

क्रेडिट जुळली तरी सगळं संपत नाही. माणूस परतताना स्वतःही थोडा बदलून आलेला असतो. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून परतलेल्या 200 नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास 1955 मध्ये प्रसिद्ध केला. सहा महिन्यांहून कमी राहिलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले तिथे चांगले रुळले होते. मधल्या काळातल्यांना जड गेलं होतं. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकन दांपत्याने 1963 मध्ये त्यात भर घातली. मायदेशी परतल्यावर हाच चढउतार पुन्हा एकदा होतो, असं त्यांनी मांडलं.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की सत्रभर जाऊन आलेल्या मुलांचं वागणं उमगू लागतं. नव्याची नवलाई संपायच्या आतच ती परततात. परक्या देशाचा कंटाळा, तिथला एकटेपणा, तिथली तुसडी माणसं त्यांच्या वाट्याला पुरती आलेलीच नसतात. उतार लागतो तो घरी आल्यावर. मग 'तिकडे असं नसतं' हे वाक्य वारंवार तोंडी येतं, घरच्यांना तो शिष्टपणा वाटतो, मित्र विषय बदलतात. पहिल्या आठवड्यात फोटो पाहून झाले की कुणी काही विचारत नाही. मूल गप्प होतं. या गप्प होण्याकडे पालकांनी आणि शिक्षकांनी लक्ष द्यायला हवं, कारण त्या मुलाला जे खरंच सांगायचं असतं ते अजून सांगून झालेलंच नसतं.

मुलींच्या बाबतीत हे जास्त टोचतं. परक्या शहरात रात्री दहाला ग्रंथालयातून ट्रामने एकटी खोलीवर जाणारी, महिन्याचा हिशेब स्वतः ठेवणारी, घरमालकाशी वाद पडला तर निस्तरणारी मुलगी घरी येते आणि 'सातच्या आत घरात' हा नियम तिची वाट पाहत असतो. आईवडिलांची काळजी खोटी नाही. इथले रस्ते आणि तिथले रस्ते सारखे नाहीत, हे खरं आहे. पण तिने पाच महिने स्वतःची जबाबदारी पेलली, हेही तितकंच खरं. परतल्यावर घराने तिच्याशी निदान नव्याने बोलणी करावीत. पूर्वीचेच नियम मुकाट्याने लागू करणं अन्याय्य आहे.

महाराष्ट्राला परतीचा सर्वांत दाहक इतिहास ठाऊक आहे, आणि तोही कोलंबियाचाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये तिथे गेले. 1916 च्या मे महिन्यात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध मानववंशशास्त्राच्या एका सेमिनारमध्ये वाचला. आपल्या समाजाची चिकित्सा त्यांनी हजारो मैलांवरच्या वर्गात बसून मांडली. पुढे लंडनचा अभ्यास अर्धा टाकून 1917 मध्ये ते करारानुसार बडोद्याला नोकरीवर हजर झाले. युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलं आहे. बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात राहिले, तिथे लाठ्या घेतलेला जमाव आला. ओळखीच्या माणसांनीही आसरा दिला नाही. रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते कामाठी बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले.

कोरादींच्या अपमानाशी याची तुलना होऊच शकत नाही. तिथे एका कारकुनी मनाने कागद नाकारला होता. इथे एका समाजाने माणूस नाकारला. बाबासाहेब 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले, छत्रपती शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांची मदत त्यांना झाली, आणि 1923 मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळवली. परत आलेल्याला गावाने कसं वागवलं, याची कसोटी मराठी माणसाने या घटनेवर लावावी.

बाबासाहेब जाऊ शकले ते शिष्यवृत्ती आणि मदत मिळाली म्हणून. त्यातूनच आजचा प्रश्न उभा राहतो: जातंय कोण? करार असेल तर परदेशी विद्यापीठाची शिकवणी फी सहसा माफ होते, राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र घरचा. जर्मनीच्या व्हिसासाठी दरमहा 992 युरोंची तजवीज दाखवावी लागते. सहा महिन्यांचे पाच लाखांहून जास्त रुपये होतात. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पूर्ण पदवीसाठी आहेत, एका सत्राला त्यांचा उपयोग नाही. त्यामुळे बीडच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीची निवड झाली तरी ती पैशापायी मागे राहणार. एका सत्रासाठी छोटी शिष्यवृत्ती सुरू करणं राज्याला जड नाही, आणि त्याचा परतावा निश्चित आहे, कारण ही मुलं पदवी पुरी करायला परत येतातच.

परतलेल्यांना समजून कसं घ्यावं, याचं उलट दिशेचं एक उदाहरण पुण्याशीच जोडलेलं आहे. अमेरिकेतल्या 'असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट' या कॉलेजसंघाने वर्षानुवर्षं आपले विद्यार्थी पुण्यात शिकायला पाठवले. ही मुलं पुणेरी कुटुंबांत राहत, मराठी शिकत, स्वतः निवडलेल्या विषयावर प्रकल्प करत. या संघातल्या कार्ल्टन कॉलेजात एलिनॉर झेलियट इतिहास शिकवत होत्या. आंबेडकरी चळवळीवर 1969 मध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या, दलित साहित्य इंग्रजीत नेण्यासाठी झटलेल्या विदुषी. पुण्याहून कार्ल्टनला परतलेल्या मुलाला कॅम्पसवर पुणं जाणणारं, मराठी समजणारं माणूस भेटत होतं. आपल्याकडून म्युनिक किंवा लिआँला जाऊन आलेल्या मुलाला असं कोण भेटतं? पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटसारखी परकीय भाषांची जुनी शाळा आहे, तिथे जर्मन-फ्रेंच-जपानी जाणणारी माणसं आहेत. कॉलेजांनी त्यांना आणि परतलेल्या मुलांना एकत्र बसवावं.

प्राचार्यांना एवढंच सांगणं आहे की, परतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्गासमोर एक तास द्या. कौतुकाचं भाषण नको. तिथे कसं शिकवतात, परीक्षा कशी घेतात, आपल्याकडे काय चांगलं आहे आणि काय बदलावं, हे त्याला मोकळेपणी बोलू द्या आणि शिक्षकांनीही समोर बसून ऐकावं. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र 1 ऑक्टोबरला सुरू होतं. यंदा जाणाऱ्या मुलांच्या हातात त्याआधी विषय आणि क्रेडिट जुळवलेला, सहीशिक्क्याचा कागद ठेवा.