आधी ओढा, मग रूळ



सुट्टी लागली की घरोघर एकच तक्रार ऐकू येते, "पोरं मोबाइल सोडत नाहीत." तेव्हा आज खताची मात्रा आणि फवारणी बाजूला ठेवून निराळा उद्योग सांगतो. मुलांकडून एक छोटी आगगाडी करून घ्या. नुसते इंजिन नव्हे. रूळ, स्थानक, ओढा आणि भोवतालचे शिवार, असा सगळा देखावा. खर्च थोडाच येतो. बहुतेक सामान आपल्या परड्यात पडलेलेच असते.

नमुना म्हणून बार्शी लाइट घ्या. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ही गाडी सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ती कल्पना. पुढे १९०६ साली ती पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. आता त्या मार्गावर ब्रॉडगेज आहे. जुनी गाडी कशी होती, हे घरातल्या आजी-आजोबांनाच विचारायला हवे.

प्रथम माप ठरवा. फुटाला अर्धा सेंटिमीटर धरा, म्हणजे शाळेच्या पट्टीवर काम भागते. रुळांतले अंतर सव्वा सेंटिमीटर, साडेपाच फुटी माणूस पावणेतीन सेंटिमीटर, तीस फुटी कडुनिंब पंधरा सेंटिमीटर. १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद फळी घेतली, तर तिच्यावर २४० फूट बाय १२० फूट जागा बसते, म्हणजे साधारण २६ गुंठे. माप एकदा धरले की मोडू नका. नाहीतर बैल स्थानकाच्या दारात मावत नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. गेल्या उन्हाळ्यात एका घरी गेलो होतो. ओसरीवर भाऊ-बहिणीने अशीच फळी मांडली होती. स्थानक झाले होते, देऊळ, विहीर, झाडे, सगळे झाले होते. त्यांची आजी जवळ येऊन बसली. तरुणपणी या गाडीने ती पंढरपूरला गेलेली. बराच वेळ न्याहाळून म्हणाली, "समदं झ्याक झालंय, पण वढा कुठं हाय?"

"आज्जी, ओढा मागनं काढू की."

"मागनं? पानी काय तुझी वाट बघत बसंल व्हय?"

पोरे हसली. मला मात्र हसू आले नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका शिवारात बांधाची आखणी मी केली होती. पावसाळा तोंडावर आला होता. "सांडवा नंतर करू," असे मीच म्हणालो. मृगाच्या दुसऱ्या पावसात पाणी तुंबले आणि बांध फुटला. खालच्या शेतकऱ्याची पेरणी तर गेलीच, पण वीतभर काळी मातीही गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. मी पाहायला गेलो तेव्हा त्याने मला चहा पाजला, बोलला काहीच नाही. बियाणे दुसरे मिळाले. माती मला परत देता आली नाही.

म्हणून मुलांना सांगा, आधी जमीन, मग पाणी, मग रूळ आणि शेवटी घरे. फळीला हात लावण्यापूर्वी अंगणात ओल्या मातीचा उतार करा. त्यावर आडवा भराव घाला आणि वरच्या अंगाने तांब्याभर पाणी हळूहळू सोडा. पाणी जिथे तुंबेल तिथे मोरी हवी. बांबूची बारीक नळी बसवून पुन्हा पाणी सोडा. भरावाच्या बाजूही उभ्या ठेवू नका. जेवढी उंची, त्याच्या दीडपट ते दुप्पट पसारा दोन्ही अंगांना द्या. मुले हे एकदा डोळ्यांनी पाहतील, तर पुन्हा सांगावे लागणार नाही.

मग तोच आकार फळीवर आणा. टेकाडासाठी वर्तमानपत्राचे बोळे डकवा. वरून कागदाचा लगदा लावा. तो आपल्या बायकांना ठाऊकच आहे : कागद दोन दिवस भिजवून कुटायचा, त्यात भिजवून वाटलेल्या मेथ्या आणि थोडी खळ घालायची. थर पातळ द्या आणि सावलीत वाळवा. उन्हात तडे जातात. खळीत मोरचूद घालण्याची रीत आहे, पण ते विष आहे. मुलांच्या कामात नको.

वाळल्यावर फेविकॉल फासून आपल्याच शेतातली माती वस्त्रगाळ करून भुरभुरवा. काळी असो की मुरमाड, असा रंग दुकानात मिळत नाही. ओढ्याच्या तळाला वाळू पसरून वर फेविकॉलचे पातळ थर द्या. वाळला की तो पाण्यासारखा चकाकतो.

रुळांना सायकलच्या जुन्या तारा चालतील, त्यांखाली गूल काढलेल्या आगकाड्यांचे अडीच सेंटिमीटरचे तुकडे. खडी म्हणजे चाळणीवर उरलेली जाड वाळू. ती कोरडीच पसरा आणि पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकून वरून ठिबकवा. साबणामुळे ते खडीत मुरते, गोळे होत नाहीत.

घरे ज्वारीच्या धाटातल्या भेंडाची करा. त्या भागातली जुनी घरे माळवदाची, तेव्हा छप्पर सपाट ठेवून वर मातीच लिंपा. स्थानकाला पत्रा हवा असेल, तर चॉकलेटची चांदी फणीवर ठेवून पेन्सिलीच्या बोथट टोकाने दाबा. पन्हळी हुबेहूब उठतात. झाडांना तुराटीचे बारीक शेंडे घ्या आणि त्यांवर हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला लाकडाचा भुसा चिकटवा. सुतळीचे साडेतीन सेंटिमीटरचे धागे ओळीने उभे केले की सात फुटी ज्वारी तयार. ओळी उताराला आडव्या ठेवा, बरे का! फळीवरसुद्धा.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून आहे. त्या बाजूला जाणे झाले, तर मुलांना जरूर दाखवा.

आणि एक काम विसरू नका. आपल्या गावचा ओढा पूर्वी कुठून वाहत होता, हे मुलांना आजी-आजोबांना विचारू द्या. तो फळीवर काढून झाला की त्यांच्याबरोबर शिवारात फिरून या. वाट बुजली असेल, मोरीत गाळ असेल, कुणी बांध घालून पाणी अडवले असेल, तर शेजाऱ्याला बरोबर घेऊन मृगाआधी ती मोकळी करा. त्या घरच्या पोरांनी अर्धी फळी उकरून ओढा काढला. त्यात देऊळ हलवावे लागले. आजीने जागा दाखवली.