गच्चीवरील रोपगृहास मुभा असावी

विलायतेत काचेचे रोपगृह उभारतात ते थंडीपासून कोवळ्या अंकुरांचा बचाव व्हावा म्हणून. परंतु पुण्या-मुंबईच्या गच्चीवर त्याचे प्रयोजन सर्वस्वी निराळे, म्हणजे आषाढातील धुवाधार सरी आणि वैशाखातील प्रखर ऊन यांचे निवारण, हे असल्यामुळे, चारी बाजू बंद करून घेणारा हौशी गृहस्थ ऊब साठविण्याच्या नादात बुरशीच पोसत असतो. कोंदट हवेत नि चिंब मातीत मिरची-टोमॅटोची रोपे मातीलगत काळवंडतात, देठ सुतासारखा बारीक होतो आणि बघता बघता ती आडवी होतात. यास्तव वर प्लास्टिकचे छप्पर, बाजूंना मोकळी जाळी, कोकोपीट भरलेल्या ट्रेच्या तळाशी छिद्रे आणि पाणी बेताचे, एवढा बंदोबस्त पुरेसा आहे; टोमॅटोचे रोप सुमारे ४ आठवड्यांत लावणीस येते, तत्पूर्वी काही दिवस पाणी कमी करून त्यास उघड्या उन्हाची सवय लावावी, म्हणजे झाले. गच्चीवर पाणी साचू न देण्याची लेखी हमी रहिवाशाकडून घेऊन गृहनिर्माण संस्थांनी अशा रोपगृहांस खुशाल मंजुरी द्यावी. गळतीच्या भयाने सरसकट मनाईचा ठराव करणे कार्यकारिणीला सोयीचे असले, तरी ते न्याय्य खचित नव्हे.