किल्ली कोणाच्या हाती?

गेल्या आठवड्यात वस्तीतल्या एका हळदीहून रात्री निघालो. दाराशी एक तरुण मोटारसायकलला किक मारीत होता. मागे त्याची सहा वर्षांची भाची. तोंडाला दारूचा वास. आम्ही किल्ली मागितली, तर म्हणाला, "काका, दोनच पेग घेतलेत. मला काही झालेलं नाही. सरळ चालून दाखवू?" आणि खरेच चालून दाखवले!

बंधु-भगिनींनो, तो खोटे बोलत नव्हता, हेच तर दुखणे आहे. पाय लटपटण्याच्या आधीच दारू माणसाचा विवेक आणि सावधपणा मंद करते. 'मला चढली का?' हे ज्या बुद्धीने ठरवायचे, तीच आधी बधिर होते. ज्याच्या हाती रोकड, त्यालाच हिशेबतपासनीस नेमत नाहीत, हे आम्हा कारकुनांना पक्के ठाऊक. मग प्यालेल्याने स्वतःच स्वतःला दाखला द्यावा, हे कसे चालेल?

दुसरी फसगत 'उतरली' म्हणण्याची. तसे वाटू लागते, तेव्हाही रक्तात दारू असतेच. यकृत ती आपल्या गतीनेच निकाली काढते. लिंबूपाण्याने, कॉफीने किंवा थंड पाण्याने ती गती वाढत नाही. रात्री उशिरापर्यंत भरपूर प्यालेला सकाळच्या पाळीला निघतो, तेव्हाही ती शिल्लक असू शकते.

कायदा 'कसे वाटते' हे विचारीत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ सांगते, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला की गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्याच गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही ठेवले. त्याहून कमी असली म्हणजे धोका नाही, असेही नव्हे.

विहारात आपण पाचवे शील म्हणतो. त्यात मद्याला प्रमादाचे कारण म्हटले आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. आपण बेसावध आहोत हे ज्याला कळते, तो बेसावध कसला?

न पिणे हेच उत्तम. पण घरात कोणी पीत असेल, तर माता-भगिनींनी समारंभाला निघतानाच, पहिल्या घोटाआधी, किल्ली न पिणाऱ्याच्या हाती द्यावी. नंतर वाद घालून उपयोग नसतो.

त्या रात्री किल्ली शेवटी त्याच्या आईने काढून घेतली. भाची आमच्याबरोबर चालत घरी आली. तो तरुण अजून आमच्याशी बोलत नाही. न बोलेना! एवढा राग आम्हाला परवडतो.