उशाशी बसणाऱ्याचं काय?

घरात एखादं माणूस शेवटच्या आजारानं अंथरुणाला खिळलं की त्या घराचं घड्याळ बदलतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, राइल्स ट्यूबमधून पेज द्यायची, युरीन बॅग रिकामी करायची, रात्री कण्हणं ऐकू आलं की उठायचं. ब्यूरोतून बाई मिळाली तर दिवस निभावतो. रात्र घरच्यांच्याच वाट्याला येते आणि बहुतेक घरांत ती एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते. ती सून असते, लेक असते किंवा स्वतःच सत्तरी ओलांडलेली बायको असते. भेटायला येणारे रुग्णाची विचारपूस करतात आणि चपला घालताना तिच्याकडे वळून म्हणतात, ‘तूही तब्येत सांभाळ हं.’ उत्तर ठरलेलं असतं. ‘मला काय धाड भरलीय?’

दोन-तीन महिन्यांनी तिलाच झोप लागेनाशी होते. मुलांवर खेकसणं सुरू होतं. रुग्णाच्या खोलीत पाऊल टाकताना छातीत धडधडतं. ‘सुटका झाली तर बरं’ असा विचार कधीतरी मनाला चाटून जातो आणि त्या विचाराची शरम मूळ विचारापेक्षा जास्त छळते. अशा वेळी कुणीतरी ध्यान सुचवतं. सगळं अनित्य आहे हे एकदा उमगलं की मन शांत होतं, प्रेम आपोआप वाहू लागतं, असं सांगतं. हा सल्ला वाईट नाही. पण त्यातला ‘आपोआप’ हा शब्द खोटा आहे, आणि नेमका तोच माणसाला गोत्यात आणतो.

वेळ थोडा उरला आहे हे कळल्यावर माणूस प्रेमळ होतो का? होतो, पण मोजक्या माणसांपुरता. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांचं म्हणणं असं की, आपल्यापुढे किती काळ आहे याचा जो अंदाज मनात असतो, त्यावर माणसांची निवड ठरते. काळ भरपूर वाटतो तेव्हा नव्या ओळखी हव्याशा वाटतात, तो आटत चालला की मन जवळच्या चार माणसांकडे वळतं. हे फक्त म्हातारपणामुळे होत नाही. १९९७ साली हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाणार होतं. त्याआधी वर्षभर तिथल्या लोकांना विचारलं, तेव्हा जवळच्यांकडे कल होता तो मुख्यतः वृद्धांचा. हस्तांतराला दोन महिने उरले, तेव्हा तरुणही तसंच उत्तर देऊ लागले. हस्तांतर होऊन वर्ष लोटलं, आकाश काही कोसळलं नाही, आणि तरुण पुन्हा पूर्वपदावर आले.

म्हणजे अनित्यतेची जाणीव प्रेम दाट करते, पण त्याचा परीघ आवळते. ती कधी माणसाला कठोरही करते, असं सांगणारा एक गाजलेला प्रयोग १९८९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामधल्या २२ न्यायाधीशांपुढे वेश्याव्यवसायाच्या आरोपाचं एक काल्पनिक प्रकरण ठेवून जामिनाची रक्कम ठरवायला सांगितली. त्यांतल्या काहींना आधी स्वतःच्या मृत्यूबद्दल चार ओळी लिहायला लावलं होतं. त्यांनी सरासरी ४५५ डॉलर सांगितले, इतरांनी ५० डॉलर. मात्र पुढे अनेक प्रयोगशाळांनी मिळून याच धर्तीचा प्रयोग करून पाहिला तेव्हा असा परिणाम हाती लागला नाही. त्यामुळे त्या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये. तसंही, आजारपणाच्या निमित्तानं वर्षांनंतर एकत्र आलेली भावंडं सातबाऱ्यावरच्या नावांवरून त्याच महिन्यात अबोला धरतात, हे कळायला अ‍ॅरिझोनापर्यंत जावं लागत नाही.

मरणाचा नुसता विचार पुरत नाही, हे ध्यानाच्या जुन्या परंपरेला पक्कं ठाऊक होतं. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाचार्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ रचला. त्याच्याशी मराठी माणसाचं जवळचं नातं आहे. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी याच ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्डपर्यंत गेले होते, आणि त्यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनानं प्रसिद्ध केली. या ग्रंथात ‘मरणसती’ म्हणजे मृत्यूच्या स्मरणाचं ध्यान सांगितलं आहे, पण सुरुवातच इशाऱ्यानं होते. अयोग्य रीतीनं स्मरण केलं तर प्रिय माणसाच्या मरणानं शोक होईल, नावडत्याच्या मरणानं आनंद होईल, तिऱ्हाईताच्या मरणानं काहीच वाटणार नाही आणि स्वतःच्या मरणानं भीती वाटेल. चौघंही मरणारच आहेत, पण मन प्रत्येकाला वेगळं माप लावतं. हे माप बदलण्यासाठी वेगळी साधना लागते. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांची ती साधना. पतंजलीच्या योगसूत्रांतही ही चार नावं याच क्रमानं येतात. पाली परंपरेत त्यांना ‘अप्पमञ्ञा’ असंही म्हणतात, म्हणजे ज्यांना माप नाही अशा.

मैत्रीच्या साधनेची सुरुवात स्वतःपासून करायची. मी सुखी असो, निर्भय असो, अशा इच्छेपासून. मग आदर वाटतो असं माणूस, मग जिवलग, मग तिऱ्हाईत आणि सगळ्यात शेवटी वैरी. हा क्रम ठरलेला आहे. सीमा खरंच मोडल्या की नाहीत, हे ओळखण्यासाठी ग्रंथकारानं एक प्रसंग रचला आहे. साधक, त्याचा जिवलग, एक तिऱ्हाईत आणि एक वैरी असे चौघं बसले आहेत. दरोडेखोर येतात आणि बळी देण्यासाठी एकाची मागणी करतात. ‘कुणाला नेऊ?’ साधकानं वैऱ्याकडे बोट दाखवलं तर त्याची मैत्री कच्ची, हे उघड आहे. पण ‘यांना सोडा, मला न्या’ असं म्हटलं तरी ती कच्चीच! कारण चौघांपैकी एकाचं अहित त्यानं मान्य केलं, मग तो एक स्वतः का असेना. चौघांतला एकही द्यावासा वाटत नाही, तेव्हा सीमा मोडली.

आपल्याकडे ‘मला न्या’ म्हणणाऱ्याचा हार घालून सत्कार होतो. सेवा करता करता जी झिजली तीच खरी, असं मानून पिढ्या गेल्या. या पार्श्वभूमीवर पंधराशे वर्षांपूर्वीच्या एका भिक्षूनं स्वतःला वगळणाऱ्या प्रेमाला अपुरं ठरवावं, हे आजच्या सुश्रूषा करणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं. ‘मला काय धाड भरलीय’ हे त्यागाचं वाक्य वाटतं. त्या चौघांच्या हिशेबात मात्र ते एका माणसाला दरोडेखोरांच्या हवाली करणं आहे.

याच ग्रंथातली आणखी एक संकल्पना वैद्यकाच्या अधिक जवळची आहे. प्रत्येक सद्‌भावनेला एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू असतो. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे शोक. तो करुणेसारखाच दिसतो, तिचेच कपडे घालून घरात शिरतो. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती.

करुणा आणि तिच्यासारखं दिसणारं दुःख यांतला हा फरक मेंदूच्या छायाचित्रणात शोधण्याचं काम जर्मन शास्त्रज्ञ तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकारी ओल्गा क्लिमेकी यांनी केलं. त्यांच्या साथीला होते माथ्यू रिकार. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून आनुवंशिकीत पीएचडी केलेला हा फ्रेंच माणूस नंतर बौद्ध भिक्षू झाला. त्यांना स्कॅनरमध्ये झोपवून सांगितलं की, करुणेचं ध्यान बाजूला ठेवा, दुसऱ्याचं दुःख फक्त स्वतःचं म्हणून अनुभवत राहा. रुमानियातल्या अनाथालयातल्या मुलांचे हाल दाखवणारा माहितीपट त्यांनी नुकताच पाहिला होता, तेच चेहरे त्यांनी डोळ्यांपुढे आणले. हजारो तास ध्यान केलेला हा माणूस तास-दीड तासात पार गळून गेला. मग त्यांना करुणेकडे वळू दिलं. चेहरे तेच होते, पण आता त्यांना त्या मुलांजवळ जावंसं, त्यांना जवळ घ्यावंसं वाटू लागलं.

एका भिक्षूच्या अनुभवावर शास्त्र उभं राहत नाही, म्हणून पुढे ध्यानाची सवय नसलेल्या लोकांना निवडलं गेलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहभागींना आधी सह-अनुभूतीचं, म्हणजे दुसऱ्याच्या वेदनेशी एकरूप होण्याचं प्रशिक्षण दिलं. त्यानंतर इतरांच्या हालअपेष्टांच्या चित्रफिती पाहताना त्यांना अधिक त्रास झाला आणि वेदनेच्या जाणिवेशी निगडित असलेले मेंदूतले भाग अधिक सक्रिय दिसले. मग त्याच लोकांना करुणेचं प्रशिक्षण दिलं. त्रास उतरला, आपुलकीच्या भावना वाढल्या आणि मेंदूत वेगळंच जाळं उजळलं. जिव्हाळा आणि समाधान यांच्याशी संबंधित असलेलं. अभ्यास छोटा होता, प्रशिक्षणही थोडक्यात होतं, आणि स्कॅनरमधली चित्रं म्हणजे घरातली रात्र नव्हे. तरीही एक गोष्ट त्यातून हाती लागते. ज्याला सर्रास ‘करुणेचा थकवा’ म्हटलं जातं, तो बहुधा करुणेचा नसतोच, तो त्या जवळच्या शत्रूचा असतो. रुग्णाबरोबर बुडत राहिल्यानं येणारा.

ध्यानाच्या नावानं सध्या जो बाजार भरला आहे, तिथे यातलं काही ऐकू येत नाही. तिथे रक्तदाबापासून कर्करोगापर्यंत सगळ्याचं आश्वासन मिळतं. पुराव्याची खरी स्थिती पुष्कळ साधी आहे. २०१४ सालीच ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात ४७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यांत मिळून ३,५१५ जण सहभागी होते. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा थोडा ते मध्यम स्वरूपाचा उपयोग दिसला. औषधं किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ते सरस आहे, असं मात्र दिसलं नाही. तेव्हा ज्याला नैराश्याची गोळी चालू आहे त्यानं ती ध्यानाच्या भरवशावर बंद करू नये, आणि रुग्णाला मॉर्फिनची गरज असेल तर त्याच्या उशाशी बसून केलेली कितीही मैत्रीभावना मॉर्फिनची जागा घेणार नाही.

ध्यान सगळ्यांना मानवतंच असंही नाही. ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ६० ध्यानसाधकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास मांडला. भीती, झोप उडणं, आपण आपल्यात नाही असं वाटणं, अशा तक्रारी त्यात भरपूर आहेत. हेही जुनंच आहे. वैशालीत शरीराच्या किळसवाणेपणावर ध्यान करणाऱ्या काही भिक्षूंना स्वतःच्या देहाचा इतका उबग आला की त्यांनी आयुष्य संपवलं, अशी नोंद खुद्द पाली साहित्यात आहे. ते कळल्यावर बुद्धानं उरलेल्यांना श्वासावरचं ध्यान शिकवलं. सतत मरणाच्या सान्निध्यात असलेल्या माणसाला ‘अनित्यतेवर चिंतन कर’ म्हणून एकटं सोडून देणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. ज्याला आधीपासून गंभीर मानसिक आजार आहे, त्यानं तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दीर्घ शिबिराच्या वाटेला जाऊ नये.

शिबिरांची एक वेगळीच अडचण आहे. सत्यनारायण गोएंका यांनी रुजवलेली विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं इगतपुरीसह अनेक ठिकाणी विनामूल्य होतात. त्यांची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. आधी काही दिवस फक्त श्वास, मग शरीरातल्या संवेदनांची ये-जा पाहणं, म्हणजे अनित्यतेचा अनुभव, आणि दहाव्या दिवशी मंगल मैत्री. अनित्यता आणि मैत्री यांची सांगड तिथे घातलेली आहे. पण ज्या सुनेला रुग्णाला सोडून दोन तास बँकेत जाता येत नाही, तिनं मोबाइल जमा करून दहा दिवस कुठे जायचं? तिला जे काही द्यायचं ते घरीच पोचायला हवं.

आणि ते पोचवता येण्याजोगं आहे. रुग्णालयातून घरी सोडताना नर्स ट्यूबमधून अन्न कसं द्यायचं, जखमेचं ड्रेसिंग कसं बदलायचं, हे हातानं करून दाखवते. उपशामक सेवेच्या जागतिक आरोग्य संघटनेनं केलेल्या व्याख्येत रुग्णाबरोबर त्याचं कुटुंबही येतं. तरीही घरभेटीला येणाऱ्या पथकाचा सगळा वेळ रुग्णावर खर्च होतो. त्यातली पंधरा मिनिटं उशाशी बसणाऱ्या व्यक्तीला मिळाली पाहिजेत. त्यात शिकवायचं ते फार नाही. खोलीत शिरण्याआधी दारात थांबून दोन-तीन श्वास सावकाश घ्यायचे, पाय जमिनीला टेकलेले जाणवू द्यायचे. मनात आधी स्वतःसाठी म्हणायचं, मला बळ असो. मग आतल्या माणसासाठी, त्याच्या वेदना कमी होवोत. त्याचं कण्हणं आपल्या अंगात भरून घ्यायचं नाही, त्याच्यासाठी काय हवं एवढंच पाहायचं. मग आत जाऊन कूस बदलायची. ज्यांना ‘मैत्री’ हा शब्द जड वाटतो त्यांनी तो वापरू नये, देवाचं नाव घेणाऱ्यांनी तेही घ्यावं. परीघ पुढे वाढवायचा तर तोही घरातूनच वाढतो. फोनवर सल्ले देणाऱ्या आणि कधीच न येणाऱ्या नणंदेपर्यंत तो पोचायला बरेच महिने लागतात, आणि पोचला नाही तरी बिघडत नाही.

यातलं काही सुरू करण्याआधी त्या घरी एक प्रश्न विचारायला हवा, की ही व्यक्ती शेवटची सलग सहा तास कधी झोपली होती. उत्तर आठवत नसेल तर ध्यान पुढच्या आठवड्यात शिकवावं, आणि आज रात्री उशाशी कोण बसणार ते घरातल्या बाकीच्यांनी ठरवावं.