मिरकवूडचे अरण्य आणि संघर्षाचे तीन खण

कथात्म साहित्याचा अभ्यास म्हणजे संघर्षांची मोजदाद, असा समज आपल्या अध्यापनव्यवहारात पक्का रुजला आहे. मानव विरुद्ध मानव, मानव विरुद्ध निसर्ग, मानव विरुद्ध स्वतः असे तीन खण ठरलेले. प्रसंग त्यांत वाटून टाकले की समीक्षा संपली. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट' (1937) या अद्भुतरम्य साहसकादंबरीच्या वाट्याला हेच आले. गोब्लिनांशी लढाई पहिल्या खणात, मिरकवूडचे अरण्य दुसऱ्यात, स्मॉगच्या गुहेकडे जाणाऱ्या बोगद्यात एकट्या बिल्बोने स्वतःच्या भीतीशी दिलेली झुंज तिसऱ्यात. पहिला आणि तिसरा खण निदान निरुपद्रवी आहे. दुसरा संहितेचा सरळ विपर्यास करतो.

मिरकवूडमध्ये नेमके घडते काय? उपासमारीने गांजलेले बुटके वाट सोडून उजेडाकडे धावतात. तेथे एल्फांची मेजवानी चाललेली असते. पकडल्या गेलेल्या थोरिनला राजा हल्ल्याचा जाब विचारतो. थोरिनचे उत्तर एवढेच, की आम्ही भुकेपोटी मागायला आलो होतो. इतरांना राजा सुनावतो, की त्याच्या राज्यात परवानगीवाचून हिंडणे हा गुन्हा आहे आणि त्यांनी वापरलेली वाटही त्याच्याच प्रजेने केलेली आहे. येथे हद्द आहे, परवाना आहे, भूक आहे, कोठडी आहे. निसर्ग कोठे आहे? कोळ्यांचा दाखला देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की ते कोळी बोलतात आणि शिकार टांगून मुरवण्याविषयी आपसांत चर्चाही करतात. अरण्याचा काळोखसुद्धा उपजत नव्हे. पूर्वीच्या ग्रीनवूडवर दुष्ट सत्तेची छाया पडली तेव्हा लोक त्याला मिरकवूड म्हणू लागले, अशी नोंद टॉल्किन यांनीच 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टात केली आहे.

हा विपर्यास पुस्तकापुरता राहत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरीच्या विद्यार्थ्याला 'संघर्ष' हा शब्द समीक्षेच्या आधी वनखात्याच्या भाषेत भेटतो : 'मानव-वन्यजीव संघर्ष'. मोहफुले वा तेंदूपाने वेचायला गेलेला माणूस वाघाच्या हल्ल्यात मरतो, तेव्हा त्याची नोंद या नावाखाली होते. वाघ खरा, मृत्यूही खरा. (वनालगत राहणारा प्रत्येक जण निसर्गाशी एकरूप असतो, ही शहरी भाबडी कल्पना येथे अभिप्रेत नाही.) परंतु ते जंगल राखीव कोणी ठरवले आणि माणसाला त्यात कशासाठी जावे लागले, हे प्रश्न त्या शब्दात मावत नाहीत. राखीव वनातील अनधिकृत प्रवेश 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा ठरवला. त्याचा टॉल्किनशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण एल्फराजाची भाषा या वाचकाच्या ओळखीची आहे. शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क 2009 मध्ये मिळवला तो काही झाडांशी भांडून नव्हे. अशा विद्यार्थ्याकडून 'मानव विरुद्ध निसर्ग' हे उत्तर घोटून घेणे म्हणजे त्याला ठाऊक असलेले विसरायला लावणे होय.

मराठी समीक्षेनेही यात हातभार लावला. 'मुक्तामाला' (1861) पासूनच्या अद्भुताला रंजनाच्या कोपऱ्यात बसवल्यावर त्याचे बारकाईने वाचन करण्याची गरजच उरली नाही. खण पुरेसे ठरले.

ड्रॅगन मरतो, आणि कादंबरीतील सर्वांत बिकट पेच त्यानंतर उभा राहतो. उद्ध्वस्त नगरासाठी बार्ड खजिन्यातील वाटा मागतो, थोरिन तो नाकारतो. आणि बिल्बो स्वतःचा हिस्सा म्हणून ठेवलेला आर्कनस्टोन रात्री जाऊन बार्डच्या हाती देतो. मित्राशी द्रोह, शत्रूशी न्याय आणि स्वतःच्या लोभावर मात, ही तिन्ही त्या एकाच देण्यात आहेत. तो प्रसंग कोणत्या खणात घालावा, हे वर्गीकरणवाद्यांनी सांगावे.