जाळरेषांवर ट्रॅक्टर : सोय कुठे, धोका कुठे?

महाराष्ट्रात दरवर्षी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. तो सुरू होण्यापूर्वी जंगलातील जाळरेषा साफ झाल्या पाहिजेत, अशी अपेक्षा असते. जाळरेषा म्हणजे जंगलाचे भाग पाडणारी काही मीटर रुंदीची मोकळी पट्टी. तिच्यावरील गवत व झुडपे कापून, ती वाळल्यावर नियंत्रित पद्धतीने जाळली, की पुढे येणाऱ्या वणव्याला जळण मिळत नाही. इतर वेळी हीच पट्टी गस्तीची वाट असते आणि गावकऱ्यांची पायवाटही. पावसाळ्यात मात्र रान असे माजते की वर्षापूर्वी साफ केलेली वाट ओळखू येऊ नये. हिवाळ्याच्या तीन-चार महिन्यांत ती पुन्हा उघडायची असते. हे काम कोयत्याने करायचे की ट्रॅक्टरला जोडलेल्या कटरने, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. त्यात जंगलाचे आरोग्य आणि जंगलालगतच्या माणसांचा जीव दोन्ही गुंतलेले असल्याने तो तसा नाही.

वाट बुजली तर काय होते, याची उदाहरणे दूरची नाहीत. भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांच्या साह्याने वणव्यांच्या सूचना देत आहे. आग कोठे लागली हे आज काही तासांत कळते. परंतु तेथे पोहोचायला वाट नसेल तर ती माहिती कागदावरच राहते. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्नाटकातील बंदीपूरचे हजारो हेक्टर जंगल जळाले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात आग विझविण्यास गेलेल्या वन कर्मचाऱ्यांनाच आगीने गाठले. या घटनांची कारणे वेगवेगळी असली, तरी माणसाला आत जायला आणि वेळ आली तर बाहेर पडायला मोकळी वाट हवी, हा धडा सर्वत्र सारखाच आहे.

यंत्र काय करते?

ट्रॅक्टरमागे जोडले जाणारे हे कटर शेतकऱ्यांना नवे नाही. विदर्भात कपाशीच्या पऱ्हाट्यांची कुट्टी करणारे श्रेडर आणि पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या पाचटाची कुट्टी करणारी यंत्रे याच जातीची आहेत. इंजिनाची शक्ती पीटीओच्या दांड्यावाटे कटरच्या गिअरबॉक्समध्ये जाते. हा दांडा सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे घेतो आणि गिअरबॉक्सखालची जड पाती त्याहून वेगाने फिरतात. पाती सैल बसविलेली असल्याने खुंटावर आदळली की मागे वळतात. गवत, कोवळी झुडपे आणि बोटाएवढ्या जाडीच्या फांद्या यांसाठी हे कटर पुरेसे असते. त्याहून जाड खोडांसाठी दातेरी रूळ असलेला मल्चर लागतो आणि त्याला ट्रॅक्टरही अधिक शक्तीचा हवा.

सपाट जमिनीवर हे यंत्र एका दिवसात जेवढी पट्टी साफ करते, तेवढ्या कामाला मजुरांच्या टोळीला अनेक दिवस लागतात. हंगाम तोंडावर आला असताना हा फरक निर्णायक ठरतो. चंद्रपूर, नागपूर, गोंदिया या जिल्ह्यांतील सपाट वनक्षेत्रात, विशेषतः जुन्या वनरस्त्यांच्या कडेला, ट्रॅक्टर चालू शकतो. कायद्याचीही येथे मूलतः आडकाठी नाही. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने जाळरेषांचे काम वनव्यवस्थापनाचा भाग मानले असून वनेतर वापरात ते मोडत नाही.

मात्र मर्यादाही त्याच यंत्रात दडलेल्या आहेत. कटर ट्रॅक्टरच्या मागे असते. म्हणजे झुडुपावरून आधी ट्रॅक्टर जातो आणि नंतर पाती. गवतात लपलेला खुंट टायर फाडतो, फांद्या रेडिएटरमध्ये घुसतात, तर खड्डा न दिसल्यास ट्रॅक्टर कलंडू शकतो. पात्याखाली आलेला दगड किंवा तारेचा तुकडा गोळीसारखा दूरवर फेकला जातो. त्यामुळे काम सुरू असताना आजूबाजूला माणसे नसणे, पीटीओच्या दांड्यावर आवरण असणे आणि कामाआधी कोणीतरी ती पट्टी पायी पाहून घेणे ही किमान पथ्ये आहेत. भाड्याने आणलेला ट्रॅक्टर आणि घाईतला चालक यांच्याकडून ती पाळली जातील, असे गृहीत धरता येत नाही.

घाणेरी कापून मरत नाही

खरी गल्लत होते ती यानंतर. वाट साफ करणारे यंत्र दिसले, की जंगलात माजलेल्या घाणेरीवरही तेच चालवावे, असा मोह होतो. शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आणलेली ही वनस्पती आज देशाच्या जंगलांवरचे मोठे संकट बनली आहे. भारतीय संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, व्याघ्रक्षेत्रांतील जंगलांपैकी सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात, म्हणजे ४० टक्क्यांहून अधिक भागात, घाणेरी पसरली आहे. तिच्याखाली गवत उगवत नाही, त्यामुळे तृणभक्षी प्राण्यांचे खाद्य घटते. आणि उन्हाळ्यात तिच्या वाळक्या काटक्या आगीला जमिनीवरून झाडांच्या फांद्यांपर्यंत चढवितात.

ही घाणेरी वरून कापली तर मरत नाही. खोड आणि मूळ जेथे मिळतात, तेथून तिला नवे धुमारे फुटतात आणि एका खोडाच्या जागी अनेक खोडे उभी राहतात. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत जमिनीखाली काही सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडून झुडूप उलटे ठेवले जाते. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची रोपे पुढील काही पावसाळे उपटत राहावी लागतात आणि मोकळ्या जागी देशी गवत लावावे लागते. हे काम कुदळीचे आणि चिकाटीचे आहे. ट्रॅक्टरचे कटर तेथे फक्त पोहोचण्याची वाट करून देऊ शकते. शिवाय फळे धरलेल्या घाणेरीवरून फिरलेले यंत्र न धुता दुसऱ्या जाळरेषेवर नेले, तर चिखलासोबत बियाही तेथे पोहोचण्याचा धोका असतो.

यंत्र आंधळे असते, हेही विसरता येत नाही. सह्याद्रीत परकी रानमोडी आणि सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी शेजारी शेजारी वाढतात. कोयता चालविणारा माणूस एक तोडतो आणि दुसरी राखतो. कटरला तो विवेक नाही. गडकोटांच्या वाटांवर तर उतार आणि दगडी पायऱ्यांमुळे ट्रॅक्टरचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे कोयता, विळा आणि फार तर खांद्यावरचा ब्रश कटर एवढीच साधने उरतात. गवतात निश्चल दडून बसलेले हरणाचे पाडस किंवा जमिनीवर अंडी घालणाऱ्या लाव्याचे घरटे ट्रॅक्टरच्या चालकाला दिसत नाही. म्हणून कामाची वेळ आणि पट्टीची रुंदी आधी ठरविणे आवश्यक ठरते.

वाट कोणाची?

या चर्चेत बहुधा मागे पडतात ती या वाटांवरून रोज चालणारी माणसे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, त्यानंतर तेंदूपाने यांसाठी विदर्भातील हजारो कुटुंबे पहाटे जंगलात शिरतात. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करण्यास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. दाट झुडपांत वाघ पाच पावलांवर असला तरी दिसत नाही. वाटेच्या दोन्ही कडांची झुडपे कापलेली असतील तर माणसाला आणि वाघालाही एकमेकांची चाहूल आधी लागते. हल्ले केवळ त्याने थांबणार नाहीत; पण गावकरी नेमक्या कोणत्या वाटांनी जातात हे विचारून त्या आधी साफ करणे, हा खबरदारीचा स्वस्त उपाय आहे.

याच माणसांसाठी जाळरेषांचे काम हंगामी मजुरीचेही साधन आहे. यंत्र आले की ही मजुरी जाणार, ही भीती निराधार नाही. आणि देशातील बहुतांश वणवे माणसांमुळेच लागतात, हेही तितकेच खरे. मोहाच्या झाडाखालचा पाचोळा जाळणारा किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावणारा माणूस जंगलातून बाहेर ढकलला गेला, तर कितीही रुंद जाळरेषा पुरणार नाही. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा ग्रामसभांना जंगलाच्या रक्षणाचा व व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे. ज्याचे उत्पन्न त्या जंगलावर अवलंबून आहे, त्याला वणवा विझविण्याची घाई अधिक असते.

तेव्हा ट्रॅक्टरला विरोध करण्याचे कारण नाही. त्याची जागा ठरविण्याची मात्र गरज आहे. सपाट भागातील रुंद जाळरेषा आणि वनरस्ते यंत्राने साफ व्हावेत, पावसाळा संपल्यावर, पण गवत पूर्ण वाळण्याआधी. वाचलेला वेळ आणि पैसा घाणेरीची मुळे काढण्याच्या कामात, त्याच गावांतील मजुरांना देऊन, गुंतविला जावा. कोणती वाट, किती रुंद आणि कधी, हे ग्रामसभेसोबत बसून ठरावे. यंत्राची खरेदी एका आर्थिक वर्षात उरकता येते. वाट मात्र प्रत्येक पावसाळ्यानंतर पुन्हा बुजते आणि दरवर्षी ती उघडण्यासाठी लागणारी तरतूद, माणसे आणि देखरेख यांची हमी आजही यंत्राइतक्या सहजपणे मिळत नाही.