फवारणी, खत, वेचाई अन् आता रिचार्ज. कास्तकाराच्या वहीत न लिहिलेला खर्च

नेर (प्रतिनिधी) : सीसीआयला हमीभावानं कापूस द्यायचा तर आधी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करा, असं झालं. सप्टेंबर २०२५ पासून ही नोंदणी सुरू झाली. नोंदणीला मोबाईल नंबर लागतो, नंबरवर ओटीपी येतो, अन् ओटीपी यायला सिम चालू लागतं. ई-पीक पाहणी २०२१ पासून फोनवरच आहे. पीएम किसानची केवायसी, लाडक्या बहिणीची केवायसी, सगळीकडं हेच. म्हणजे राजेहो, फोन आता शौक राहिला नाही. पण त्याचा खर्च आपण अजूनही चहा-पाण्यातच धरतो.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. सातबारा वडिलांच्या नावावर, नंबरही त्यांचाच जोडलेला. त्यांचा बटनाचा फोन. रिचार्ज कधी संपलं कोणाच्या ध्यानातच नव्हतं. मी नोंदणीला बसलो तर ओटीपी येईना. दोनदा केलं, तीनदा केलं. शेवटी रिचार्ज मारलं तेव्हा मेसेज पडला. त्या दिवशी वही घेऊन हिशेब मांडला.

जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा २३९ चा पॅक २९९ झाला. एअरटेल अन् व्होडाफोन आयडियानंही त्याच आठवड्यात दर वाढवले. हा पॅक २८ दिवसांचा. महिना ३० नाहीतर ३१ दिवसांचा, म्हणून वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज लागतात. २९९ गुणिले १३ म्हणजे ३,८८७ रुपये. घरात तीन फोन असले तर ११,६६१. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० अन् मध्यम धाग्याचा ७,७१०. म्हणजे जवळपास दीड क्विंटल कापूस नुसता रिचार्जात गेला. कोरडवाहू वावरात एकरी चार-पाच क्विंटल निघतो, त्यातला दीड!

पण हाच धंदा एका काळी आपल्यासाठी स्वस्त झाला होता, हेही खरं. देशात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना केला. तेव्हा ऐकणाऱ्यालाही पैसे पडत. इनकमिंग फुकट झालं २००३ मध्ये. त्याच वर्षी रिलायन्सनं ५०१ रुपयांत फोन हातात द्यायची योजना आणली. मग ‘लाइफटाइम’ची सिमं आली, एकदा पैसे भरा अन् जन्मभर इनकमिंग. मिस कॉल मारून काम भागवायचे दिवस ते. २००९ मध्ये टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा लावला अन् बाकीच्यांनाही खाली यावं लागलं. आयडिया, व्होडाफोन, एअरटेल, एअरसेल, युनिनॉर, रिलायन्स, टाटा, बीएसएनएल... दुकानात कोणतं सिम घ्यावं हाच प्रश्न पडायचा.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, अन् पुढचा मार्च संपेपर्यंत सगळं फुकट. पोट्टे त्या दिवसांत झोपले नाहीत. सरकारच्याच आकड्यात २०१४ मध्ये एक जीबी २६९ रुपयांच्या घरात होता, तो दहा रुपयांच्या आसपास आला. या पडझडीत मात्र बाकीच्या कंपन्या टिकल्या नाहीत. रिलायन्सची जुनी सेवा बंद पडली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटा अन् टेलिनॉर एअरटेलमध्ये गेल्या, व्होडाफोन अन् आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. खासगीत उरल्या तीनच. त्यातही व्होडाफोन आयडिया इतकी कर्जात आहे की सरकारची थकबाकी शेअरमध्ये बदलून सरकारकडंच जवळपास ४९ टक्के हिस्सा गेला.

बाजार समितीत तीनच व्यापारी उरले तर भावाचं काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. २०१८ च्या शेवटी ‘लाइफटाइम’ गेलं, इनकमिंगसाठीही महिन्याला ३५ रुपये भरा म्हणाले. डिसेंबर २०१९ ला दर वाढले, नोव्हेंबर २०२१ ला वाढले, जुलै २०२४ ला वाढले.

कंपन्यांची बाजू अशी, की फाईव्ह-जीच्या लिलावाचे अन् टॉवरचे पैसे काढायचे आहेत. एअरटेलला एका ग्राहकामागं महिन्याला २५० च्या वर मिळतात, ते ३०० व्हायला पाहिजे असं कंपनी कितीक दिवसांपासून सांगते. म्हणजे दर अजून चढतील, असं धरूनच चाला. त्यांचं अगदी खोटं नाही. पण ट्रायच्या आकड्यात शहरात शंभर माणसांमागं १३० च्या आसपास जोडण्या आहेत, खेड्यात साठाच्या आत. फाईव्ह-जीचा फायदा शहराला जास्त अन् दर मात्र सगळ्यांना सारखा, एवढंच आमचं म्हणणं.

जुलै २०२४ मध्ये लोक चिडून बीएसएनएलकडं गेले, त्या एका महिन्यात तिचे २९ लाख ग्राहक वाढले. पण फोर-जी नव्हतं, पुढं गळती लागली. आता २७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचं उद्घाटन झालं, देशभरात ९७ हजारांवर टॉवर म्हणतात. ते नीट चाललं तर खासगी कंपन्यांवर थोडा तरी वचक राहील. मोझर असो की मांगलादेवी, आपल्या तालुक्याला याचाच उपयोग आहे.

एक गोष्ट मात्र आजच करता येते. ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला, की कंपन्यांनी नुसता बोलण्याचा अन् एसएमएसचा पॅकही ठेवलाच पाहिजे, नेट घ्यायची जबरदस्ती नाही. त्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये जिओनं ४४८ चा ८४ दिवसांचा अन् १,७४८ चा ३३६ दिवसांचा पॅक काढला. एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ ला, वर्षाचा १,८४९ ला. बटनाच्या फोनला हाच बस होते. ओटीपी येतो, बोलणं होते, अन् वर्षाचे दोन हजार रुपये वाचतात. दुकानात विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आजचा दर काय तेवढा विचारून घ्या, यात बदल होत राहतात.

नंबर न बदलता कंपनी बदलायची असेल तर १९०० वर PORT लिहून मेसेज टाकायचा, ही सोय २०११ पासून आहे. पण घाई करू नका. कंपन्यांनी आपल्या वेबसाइटवर कुठं रेंज आहे त्याचा नकाशा दाखवणं आता बंधनकारक आहे, तो आधी पाहा. अन् नकाशावरही पूर्ण भरवसा नको. मी एका कंपनीचं दुसरं सिम घेऊन महिनाभर वावरात फिरवलं. घरी तीन काड्या, धुऱ्यावर एक, विहिरीजवळ काहीच नाही. वडिलांचं सिम मग आहे तिथंच ठेवलं, फक्त पॅक वर्षाचा केला अन् संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली.